वखारीतला फुकट सिनेमा

१

रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं काय करतात? सकाळी समुद्रावर फिरतात, संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावतात आणि मधल्या वेळात सुनेला शहाणपण शिकवतात. डहाणूच्या श्यामकांत मास्तरांनी यातलं काहीच केलं नाही. आयुष्यभर गाड्यांना झेंडे दाखवलेल्या या माणसाने एक प्रोजेक्टर घेतला आणि देशोदेशीचे सिनेमे गावोगाव फुकट दाखवायला सुरुवात केली. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे यांना," असं त्यांच्या पत्नी, प्रभाकाकू, येईल त्याला सांगायच्या. ते काही खोटं नव्हतं.

पण परदेशी सिनेमा आगर गावच्या कोळ्यांना कळायचा कसा? खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती वाचणार कोण? तिथे संगिता कामाला यायची. संगिता मूळची रानशेतची, आता वेवजीच्या शाळेत शिक्षिका. प्रोजेक्टरशेजारी माईक घेऊन ती बसायची, इंग्रजी ओळी वाचायची आणि मराठीतून, मध्येच पाड्यावरच्या बोलीतून, सिनेमा सांगत जायची. तिने स्वतःला एकच नियम घालून घेतला होता. पडद्यावर आहे तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

दुसरी एक रीत मात्र लोकांनीच पाडली होती. परकी नावं कुणाच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून सिनेमा सुरू व्हायच्या आधी पात्रांचं बारसं व्हायचं. "एक म्हातारी आहे, फार भांडकुदळ. काय नाव ठेवू?" असं संगिता विचारायची आणि लोक गावातल्याच कुणाचं तरी नाव ओरडायचे. आगरला अशा म्हातारीला एका सासूबाईंचं नाव मिळालं, तर त्या तरातरा उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारणीला विचारत होत्या, "पुढं माझं काय झालं गं?"

या खेपेला मास्तरांनी रोमानियाचा सिनेमा आणला होता. खुनाबिनाचा, काळाकुट्ट. संगिता नेहमीप्रमाणे रविवारी त्यांच्या घरी जाऊन तो एकटीने पाहून आली. बर्फात बुडालेलं एक गाव, प्लमच्या बागा, बागायतदाराचं मोठं घर आणि घराखाली फळं पिकवायचं तळघर. तळघरात काम करणारी एक मुलगी नाहीशी होते. शहरातून एक पोलीस येतो, दारोदार विचारत फिरतो, आणि गाव त्याला एकच उत्तर देतं, "ती इटलीला गेली." शेवटी पोलीससुद्धा कंटाळतो, बागायतदाराकडे पोटभर जेवतो आणि गाडीत बसून निघून जातो. मुलगी सिनेमाभर एकदाही दिसत नाही. तिचा जेवणाचा वाडगा तेवढा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा पडलेला असतो.

सिनेमा संपला तेव्हा प्रभाकाकूंनी चहा आणला. संगिताने कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"कसा वाटला?" मास्तरांनी विचारलं.

"कुठं दाखवायचा?"

"तुमच्या रानशेतलाच. नविनशेठची जुनी वखार मिळतेय. पुढच्या सोमवारपासून तिथे कोल्ड स्टोरेजचं काम सुरू होणार, मागच्या खोलीत जाड काँक्रीट ओतून मशिनं बसवणार. त्याआधी गावासाठी एक कार्यक्रम, म्हणून तेच म्हणाले. जागा फुकट, वर लोकांना चहा-भजी."

"मग मी सांगणार," संगिता म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच होता. मास्तरांना त्यात उत्साह दिसला.

२

संगिताची थोरली बहीण जिवली दोन वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. नविनशेठच्या वखारीत ती चिकू निवडायची, पेट्या भरायची. एका संध्याकाळी ती घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी नविनने स्वतः येऊन सांगितलं, "वापीला गेली. कोणाबरोबर तरी होती म्हणतात." नविन परका नव्हता. याच गावात उघड्या अंगाने वाढलेला, मग चिकूच्या वाड्यांचे ठेके घेत घेत मोठा झालेला. त्याच्या वखारीवर निम्म्या पाड्यांच्या चुली पेटायच्या. म्हणून मग सगळेच म्हणू लागले, वापीला गेली. चौकशीला आलेल्या पोलीससाहेबाने गाडीतून न उतरताच ते ऐकलं आणि मान डोलावली.

संगिता वापीला जाऊन आली होती. कंपन्यांच्या फाटकांवर, भाड्याच्या चाळींतून फोटो दाखवत हिंडली होती. जिवली तिथे कधी पोचलीच नव्हती, याची तिला आतून खात्री होती. पण खात्रीला कोण विचारतो? गावाने एका बाईला पळपुटी ठरवलं होतं, आणि ती तशीच राहणार होती. याचा संगिताला रोज, अगदी रोज, संताप यायचा.

शनिवारी ती आईकडे, भिकीकडे, राहायला आली. चुलीपुढे बसून तिने आईला सिनेमा सांगितला, आणि मनातला बेतही सांगितला.

भिकीने जाळ मागे ओढला. "ज्याचा पत्ता नाय त्याचं नाव दुसऱ्याला देव नये. वासराला नाय, पोराला नाय. आपल्या घरात कोणी दिलं नाय."

"का पण, आये?"

"नाव दिलं का बसायला जागा भेटते. मग त्याला उठवील कोण?"

"बसू दे की," संगिता म्हणाली. "दोन वर्षं तिला कोणी बसायला जागा दिली नाही. पडद्यावर तरी बसू दे. मला त्या नविनचं तोंड बघायचंय."

भाकरी तव्यावर करपली, तरी भिकीने ती उलटली नाही.

३

रविवारी दुपारी उन्हं अजून चांगली डोक्यावर होती. वखारीच्या खिडक्यांना गोणपाटं लावून आत अंधार केला होता. वखार रिकामी झाली होती तरी चिकूचा वास भिंतीत मुरलेला होता, गोड आणि थोडा आंबूस. रिकाम्या पेट्यांची चळत रचून मास्तरांनी प्रोजेक्टर उंचावर ठेवला आणि जरा खाली वाकवला. समोर पांढरी चादर ताणली होती. चादरीमागे मागच्या खोलीचं दार होतं. या खोलीत पूर्वी चिकू पिकवत. आता दाराला कुलूप होतं, आणि कुलपावर गंज.

माणसं मात्र भरभरून आली. फुकट सिनेमा, वर भजी, कोण सोडतो? बाया पुढे, पुरुष भिंतीला टेकून. भिकी अगदी पहिल्या ओळीत, जमिनीवर. नविनशेठ बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर फोन.

"बसा बसा, संकोच नको," तो सगळ्यांना म्हणत होता. "आपलीच वखार आहे."

बारसं सुरू झालं. पोलिसाचं नाव काय ठेवायचं? "लडक्या!" बाया एकसुराने ओरडल्या. लडक्या वखारीतला जुना हमाल, उठायला आळशी आणि बोलायला त्याहून आळशी. तो पोलीस होणार या कल्पनेनेच हशा पिकला. लडक्या भिंतीपाशी बसून कसनुसा हसला. बागायतदाराला नाव सुचवायला कुणी धजेना, तेव्हा नविनच मोठेपणा मिरवत म्हणाला, "शेठ म्हणा की नुसतं." पुन्हा हशा.

"आता एक मुलगी आहे," संगिता माईकमध्ये म्हणाली. "तळघरात फळं निवडते. ती नाहीशी झालीय. गाव म्हणतं, इटलीला गेली."

हशा विरला. एकेक मान खाली गेली. कुणी नाव सुचवलं नाही. संगिताने वाट पाहिली, आणि मग नविनकडे बघत, एकेक अक्षर नीट उच्चारून म्हणाली, "तिचं नाव जिवली."

भजी तळणाऱ्या बाईचा झारा बाहेर कढईवर वाजला तेवढाच आवाज. नविनच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्याने मांडीवरचा फोन उलटा ठेवला. मास्तर तिच्या कानाशी वाकून कुजबुजले, "संगिता, अगं, जागा त्यांची आहे."

"सुरू करा, काका," ती म्हणाली.

४

पहिला अर्धा भाग सुरळीत गेला. लडक्या पोलीस बर्फातून दारोदार फिरला. दार उघडायचं, बाई पदर सावरल्यासारखा डोक्याचा रुमाल सावरायची आणि म्हणायची, "जिवली? ती इटलीला गेली." संगिता ते सांगत गेली. प्रत्येक वेळी "जिवली" म्हणताना तिला बरं वाटत होतं. दोन वर्षांत या गावात तिच्या बहिणीचं नाव इतक्यांदा आणि इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं.

मग बागायतदाराचं स्वयंपाकघर आलं. टेबल, खिडकी, खिडकीबाहेर बर्फ. टेबलावर वाडगा.

वाडगा उताणा होता. त्यातून वाफ निघत होती.

संगिता क्षणभर थांबली. मागच्या रविवारी तो पालथा होता. नक्की होता, कारण तिला त्याचा तळ आठवत होता, चीर गेलेला. मग तिने स्वतःला समजावलं. पाहण्यात चूक झाली असेल. आधी उताणा, नंतर पालथा, असंही असेल. डोक्यात राग घेऊन सिनेमा पाहिला की असंच होणार. ती पुढे सांगू लागली.

पोलीस तळघराच्या जिन्यापाशी आला तेव्हा आवाज आला. पेटीवर पेटी ठेवल्याचा. थोडं थांबून पुन्हा एक. घाई नाही, दमलेल्या माणसाने कामाचा शेवट उरकावा तसा. पुढे बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी या वखारीत पेट्या रचल्या होत्या, हा आवाज त्यांना हाताने ओळखता आला असता.

संगिताने शेजारच्या स्पीकरवर तळवा ठेवला. बोलण्याच्या आवाजाने स्पीकर थरथरतो. पेटीचा आवाज आला तेव्हा तो थरथरला नाही. आवाज समोरून येत होता, चादरीच्या पलीकडून.

उंदीर असतील, तिने मनात म्हटलं. रिकामी खोली, जुन्या पेट्या, उंदीर नाही तर काय असणार? पण तिच्या पायांच्या बोटांना गार वारा लागत होता. गोणपाटं हलत नव्हती. डहाणूकडच्या थंडीत शालही पुरते, हा वारा तसला नव्हता.

पोलीस बोलत होता. ती सांगत होती. "तो म्हणतो, या घरात फरशी कधी बसवली? शेठ म्हणतो, जुनीच आहे. तो म्हणतो, जुन्या फरशीच्या फटीत एवढं पांढरं सिमेंट नसतं."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पडद्याच्या खालच्या कडेला एकही अक्षर नव्हतं. इंग्रजी ओळी कधीच्या थांबल्या होत्या. रोमानियाच्या भाषेतला एक शब्दसुद्धा तिला येत नव्हता, आणि ती सांगत होती.

५

मी पदरचं घालतेय, तिला वाटलं. एवढंच झालंय. मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी हेच सांगतेय. शिकलेल्या बाईला शोभणारा विचार होता तो, आणि तिने तो पडताळून पाहायचं ठरवलं. ती बोलायची थांबली.

पडद्यावरचा पोलीसही थांबला. तोंड मिटून, हात कोटाच्या खिशात घालून तो उभा राहिला. मागे बर्फ पडत होता, म्हणजे सिनेमा अडकला नव्हता. तो वाट पाहत होता. मास्तरांनी लॅपटॉपवर कसली तरी बटणं दाबली. काही झालं नाही.

मग पोलिसाने मान वळवली. मागच्या रविवारी पाहिलेल्या सिनेमात त्याने एकदाही समोर पाहिलं नव्हतं. आता त्याने पाहिलं, बायांच्या डोक्यांवरून, सरळ संगिताकडे. ओठ हलले.

"तो विचारतो," संगिता म्हणाली, "तो विचारतो, जिवली तुझी कोण?"

पोलीस वाट पाहत होता. संगिताला भीती वाटली. पण भीतीच्या खाली दोन वर्षांचा राग होता, आणि तो भीतीपेक्षा मोठा निघाला. तिने माईक ओठांना लावला.

"बहीण. थोरली."

पोलिसाने मान हलवली. हे असं दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. एका माणसाने विचारायला हवं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायला हवं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

"तो विचारतो, तिला शेवटचं कुणी पाहिलं?"

"अरे, हे काय चाललंय?" नविन खुर्चीतून अर्धवट उठला. "मास्तर, सिनेमा दाखवता का तमाशा?"

पोलीस नविनकडे बघत नव्हता. तो एकेका चेहऱ्यावरून नजर नेत होता, सावकाश, कुणालाही न वगळता. चादरीमागे पेटीवर पेटी बसली.

दुसऱ्या ओळीतून जयवंती उठली. जिवलीच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं चिकू निवडलेली बाई. तिने पदर तोंडाशी धरला होता, तो खाली केला.

"मी निघाले तेव्हा ती इथंच होती, साहेब. शेठनी सांगितलं, तू थांब, पाठच्या खोलीतला माल मोजायचाय." जयवंतीचा श्वास लागला होता. "मी घरी गेले. तिला सोडून गेले."

"गप बस गं," नविन म्हणाला.

"आजपर्यंत गप होते की!" जयवंती त्याच्यावर ओरडली. आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली.

पोलिसाची नजर भिंतीपाशी जाऊन थांबली होती. तिथे लडक्या बसला होता. त्याचंच नाव मिळालेला तो परका माणूस त्याच्याकडे बघत होता. ओठ हलले. संगिताने सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही.

"बाहेर येताना पाह्यली नाय," लडक्या जमिनीकडे बघत म्हणाला. "मी दाराशीच होतो. आत गेली, ती बाहेर येताना पाह्यली नाय. शेठनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी दिली. परत आलो तं आतली फरशी नवी होती. मी विचारलं नाय. काम जाईल म्हणून विचारलं नाय."

६

"बंद करा!" नविन ओरडला. "मास्तर, आत्ता बंद करा ते."

श्यामकांत मास्तर प्रोजेक्टरपाशी उभे होते. सरळमार्गी, घाबरट, पांढरपेशा माणूस. वरिष्ठांचा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत मोडला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. त्यांचं बोट बटणापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. संगिताला ते दिसत होतं, इतरांना दिसत नव्हतं.

"बंद होत नाहीये, शेठ," मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "काहीतरी बिघाड आहे. मी तरी काय करणार?"

नविन प्रोजेक्टरकडे धावला. संगिता आडवी उभी राहिली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"संगिता, तू शिकलेली बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हे बरं दिसतं का? तुझी बदली रानशेतला करून देतो. आईजवळ राहशील. बाजूला हो."

"नविनशेठ, हात लावून बघा."

"अगं, सिनेमा आहे तो! खोटा आहे!"

"मग घाम कशाला फुटलाय तुला?" ती म्हणाली. तुम्हीवरून तूवर ती कधी आली, तिलाही कळलं नाही.

तेवढ्यात पुढच्या ओळीत भिकी उठली. गुडघ्यांवर हात टेकत ती चादरीपाशी गेली, चादर मुठीत धरली आणि ओढली. खिळे निघाले, चादर तिच्या अंगावर पडली. पोलिसाचा चेहरा आता दाराच्या फळ्यांवर पडला होता, वाकडातिकडा. त्याच्या तोंडाच्या जागी गंजलेलं कुलूप होतं.

आतले आवाज थांबले. ते थांबले हे कुणालाच बरं वाटलं नाही. दाराच्या पलीकडे कुणीतरी काम संपवून उभं असावं आणि दार उघडायची वाट पाहत असावं, असा तो शांतपणा होता.

"चावी?" भिकीने विचारलं.

"हरवली," नविन म्हणाला. "आये, ऐक माझं. आत काय नाय. रिकामी खोली आहे. मी सांगतो ना."

"तू वापीपण सांगितली होतीस."

लडक्या उठला. उठायला आळशी माणूस, पण उठला. कोल्ड स्टोरेजच्या कामासाठी आणून टाकलेल्या अवजारांतून त्याने पहार उचलली आणि कुलपात घातली. कुलूप एका झटक्यात तुटलं. दार आत गेलं, आणि आतून जी हवा आली ती पुढच्या बायांच्या तोंडावर अशी बसली की त्यांनी एकदम शाली ओढून घेतल्या.

७

खोली रिकामी होती. नविन खोटं बोलला नव्हता. पेटी नाही, गोणी नाही, उंदराची लेंडीसुद्धा नाही. चार भिंती आणि पांढऱ्याशुभ्र फरश्या.

वरून वाकवलेल्या प्रोजेक्टरचा झोत दारातून आत शिरून त्या फरश्यांवर पडला. पोलीस आता चित्रात नव्हता. नुसतं बर्फाचं शेत होतं, आणि त्याचा उजेड खोलीभर पसरला होता, अगदी कोपऱ्यापर्यंत. एका जागी मात्र तो पडत नव्हता.

भिंतीच्या कडेला, फरशीवर, काळा पट्टा होता. माणूस कुशीवर झोपतो तेवढा लांब. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला जरा गोल, आणि मध्ये गुडघे पोटाशी घेतल्यासारखा वाकलेला.

सावली आहे, संगिता स्वतःला म्हणाली. कुणीतरी झोतात उभं आहे. तिने सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा!" माणसं भिंतींना चिकटली. त्यांच्या सावल्या फरशीवरून सरकत निघून गेल्या. काळा पट्टा हलला नाही. तिने आपला हात झोतात धरला. हाताची प्रचंड सावली खोलीत पसरली, तिने बोटं हलवली, सावलीची बोटं हलली. हात मागे घेतला. पट्टा तसाच. चित्रातला बर्फ त्याच्या कडेपर्यंत पडत येत होता आणि तिथे विझत होता.

मग तिने कारण शोधायचं सोडून दिलं.

भिकी उंबऱ्यावर बसली. दारातून आत तिने एक पाऊल टाकलं नाही, की बाहेर सरकली नाही. तिला रडू येत होतं, आणि रडत रडतच ती बोलत होती, आत बघून, लहान पोरीशी बोलावं तशी. "आलो, बाय. आलो. उशीर झाला, पण आलो." मग तिने मान वळवली. आवाज बदलला. "लडक्या, खण."

"कोणी हात लावायचा नाही!" नविन फोन कानाला लावत ओरडला. फोन दोनदा हातातून सटकला. "माझी मालमत्ता आहे ही! मी पोलीस बोलावतो. एकेकाला आत घालतो!"

"बोलाव," संगिता म्हणाली. माईक अजून तिच्या हातात होता, आणि तिचा आवाज वखारीबाहेर, भजीच्या कढईपलीकडे, रस्त्यापर्यंत गेला. "लवकर बोलाव. आम्ही दोन वर्षं त्यांचीच वाट बघतोय. त्यांना सांग, या वेळेस गाडीतून उतरावं लागेल. आम्ही सगळे इथंच बसलोय."

आणि ती खरंच बसली, आईच्या शेजारी, उंबऱ्याला पाठ लावून. जयवंती येऊन बसली. मग दुसरी, मग तिसरी. रस्त्यावरून जाणारी माणसं आवाज ऐकून आत आली, तीही बसली. बाहेर जायला वाट उरली नाही. नविन फोन कानाला लावून मधोमध उभा राहिला, आणि त्याच्याकडे कुणी बघेना.

मास्तरांनी प्रोजेक्टर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, झोत हलू नये म्हणून.

लडक्याने उजेड पडत नव्हता त्या जागेच्या कडेला पहारीचं टोक टेकवलं, एकदा भिकीकडे पाहिलं, आणि जोर लावला. पहिली फरशी निघाली तेव्हा बाहेर अजून चांगलं ऊन होतं.